रोज तासभर चालतो, तरी पाटावरून उठता येईना

पत्र (थोडं कापून घेतलंय):

"माझं वय ७०, वजन ६६ किलो. बँकेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली. राहायला डोंबिवलीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी तासभर चालतो, खाडा क्वचितच, प्राणायामही करतो. शुगर आणि बीपीची गोळी आहे, दोन्ही कंट्रोलमध्ये. जुलैत डेंग्यू झाला, पंधरा दिवस अंथरुणात होतो. मग गणपतीत पूजेला पाटावर बसलो आणि आरतीला उठायची वेळ आली तर उठताच येईना. पुतण्याने काखेत हात घालून उचललं, सगळे हसले, मीही हसलो, पण मनाला लागलं. आता जिना चढताना कठडा ओढत चढतो. वजन तेवढंच आहे पण पँट मांडीत ढगळ आणि पोटावर घट्ट. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल, वयाचं आहे. गुडघ्यांची थोडी झीज आहे म्हणून जिने कमी चढा म्हणाले. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने प्रोटीन पावडरचा मोठा डबा पाठवलाय आणि जिम लावा म्हणतो. या वयात जिम? चालणं वाढवून दीड तास केलं तर भागेल का? आणि बूट कुठले घ्यावेत तेही सांगा."

काका, आधी तो पावडरचा डबा कपाटात ठेवून द्या, त्याच्याकडे नंतर येऊ. आणि दीड तास चालायचा विचारही सोडा. चालणं वाईट म्हणून नाही हो, दहा वर्षं रोज चाललात, गोळ्यांसोबत त्याचाही शुगर-बीपी आटोक्यात राहायला हातभार आहे, ते तासभर तसंच चालू ठेवा. पण तुमची अडचण चालण्याची नाहीये, उठण्याची आहे, आणि उठणं हे वेगळं काम आहे.

सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूला फार जोर लावावा लागत नाही, तेच हलकं काम तो हजारो वेळा करतो. पाटावरून उठताना मात्र तुमचं ६६ किलोचं ओझं दोन-तीन सेकंदांत जमिनीपासून वर न्यायचं असतं, आणि त्याला लागतात ते झटकन जोर काढणारे जाड तंतू. वय वाढतं तसे नेमके हेच तंतू आधी बारीक होतात, शिवाय मणक्यातून त्यांच्यापर्यंत येणाऱ्या काही नसाही कायमच्या गळतात. चालण्यात या तंतूंना कोणी कामाला लावतच नाही. म्हणजे पोस्टमन आयुष्यभर सायकल मारतो म्हणून त्याला पोतं उचलता येईल असं थोडंच आहे.

ह्या प्रकाराला नाव आहे, सार्कोपेनिया. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे टंचाई, अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हे नाव सुचवलं. त्याआधी सगळीकडे "वयाचं आहे" एवढंच म्हणायचे, तुमचे डॉक्टर म्हणाले तसं. २०१६ साली अमेरिकेत आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र कोडही मिळाला. वयाचं आहे हे खोटं नाहीच, तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर मांसापेक्षाही भरभर उतरते. वजन तेवढंच कसं मग? कारण मांडीतून जे गेलं त्याची जागा पोटावरच्या चरबीने घेतली. वजनकाटा दोन्ही एकत्रच मोजतो, पँट वेगवेगळं मोजते. तुमची पँट काट्यापेक्षा हुशार निघाली.

पण मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गणपतीचं नाही वाटलं, डेंग्यूचं वाटलं. लोकांना वाटतं ताकद हळूहळू उतारावरून घसरते. तसं होतं खरं, पण अधूनमधून एखादी पायरीच तुटते. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, साधारण ६७ वर्षांची चांगली धडधाकट माणसं, त्यांना काही आजार नसताना फक्त दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं, तर नुसत्या पायांतून जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! आणि ते निरोगी होते, तुम्हाला तर ताप होता, जेवण जात नसणार, पंधरा दिवस. तरणं माणूस असं गमावलेलं परत कमावतं, कारण ते धावतंपळतं, ओझी उचलतं. सत्तरीत ताप उतरला की आपण परत चालायला लागतो आणि म्हणतो झालो बरा, पण तुटलेली पायरी आपोआप बांधली जात नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, आणि माझ्याच आईच्या बाबतीत माझ्या हे लक्षात यायला महिना लागला. तिला चिकनगुनिया झाला होता, सोळा दिवस पडून. दवाखान्याच्या कागदावर "आराम करा" एवढंच लिहिलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी तो आराम तिच्याकडून इतका मन लावून करून घेतला की विचारू नका, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन द्यायचो. एक दिवस ती बाथरूममधून हाका मारायला लागली, कमोडवर बसली होती आणि उठता येत नव्हतं. सांधे दुखत होते म्हणून असेल असं मला वाटलं, पण दुखणं कमी झालं तरी उठता येईना. मग मी तिची पोटरी हातात धरून बघितली तर लोंबत होती.

तिला खुर्चीवरून उठायला लावायचं ठरवलं तर नेहमीच्या खुर्चीवरून जमेना. मग खुर्चीवर चार चादरींच्या घड्या रचल्या, म्हणजे बसायची जागा उंच झाली, तेवढ्या उंचीवरून तिला हात न टेकता पाच वेळा उठता आलं. दिवसातून दोनदा पाच-पाच. बरोबर आठवड्याने एक घडी काढून घेतली. मग पुढच्या आठवड्यात अजून एक. ती म्हणायची "मला काय आता कुस्ती खेळायचीये का", मी म्हणायचे कुस्तीच आहे, कमोडशी. महिन्याभराने चारही घड्या निघाल्या, मग ती तांदळाची दोन किलोची पिशवी छातीशी धरून उठायला लागली, मग तीन किलोची. आता ७८ ची आहे आणि माझ्यापेक्षा लवकर उठते खुर्चीवरून, खोटं नाही सांगत, माझे गुडघे वाजतात.

तर सगळी भानगड त्या घड्या काढण्यात आहे. व्यायाम कोणता हा प्रश्न दुय्यम आहे, ओझं वाढतंय का हा खरा प्रश्न. आपल्या तालमींमध्ये हे केव्हापासून माहीत आहे, नव्या पोराला कोणी पहिल्या दिवशी शंभर बैठका काढायला लावत नाही, पण सहा महिन्यांनी तो दहाच काढत असेल तर वस्ताद त्याला सोडतही नाही. तुमचं चालणं दहा वर्षं तासभरच राहिलं, त्यामुळे शरीराने पण ठरवलं की एवढंच लागतं ना, मग जास्तीचं कशाला सांभाळू.

आता आधी एक मोजमाप करा, आजच. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, जेवायच्या टेबलाची चालेल, सोफा नको. हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि पूर्ण उभं राहून परत बसायचं असं पाच वेळा, जमेल तेवढ्या झटपट, काकूंना मोबाईलवर सेकंद मोजायला सांगा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलं की १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक क्षमता कमी समजायची, युरोपवाले १५ सेकंदांच्या वर म्हणतात. हात न टेकता पाच वेळा उठताच आलं नाही तर सेकंद मोजायची गरजच नाही, उत्तर मिळालंच. शिवाय काकूंच्या शिवणाच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, पुरुषांसाठी ३४ सेंमीच्या खाली आणि बायकांसाठी ३३ च्या खाली असेल तर संशय घ्यायला जागा आहे. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, वहीत नको, वही हरवते.

आणि काकूंचं पण मोजा. पत्रात त्यांचं काहीच नाही. बायकांकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी असते, त्यात पाळी गेल्यावर हाडंही ठिसूळ व्हायला लागतात, आणि "मी दिवसभर घरातच राबते, मला कशाला व्यायाम" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. घरकाम म्हणजे तुमच्या चालण्यासारखंच, दमवतं भरपूर पण ओझं तेच तेच.

व्यायाम सांगते. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, सोमवार-बुधवार-शुक्रवार धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी ताकदीचा व्यायाम किमान दोन दिवस आणि तोल सांभाळायचा किमान तीन दिवस सांगितलाय, आपण दोन्ही एकत्रच उरकू. पाऊण तासाच्या वर वेळ लागत नाही. चालून आल्यावर लगेच करू नका, पाय आधीच दमलेले असतात, संध्याकाळी पाचला चहा घेतल्यावर बरं.

पहिलं म्हणजे खुर्चीवरून उठणं-बसणं, हेच मुख्य, बाकी सगळं याच्या भोवतीचं. पाय थोडे मागे घ्यायचे, छाती पुढे झुकवायची आणि उठायचं. उठताना झटकन, बसताना मात्र सावकाश, मनात एक-दोन-तीन म्हणत, धपकन खुर्चीत पडायचं नाही, कारण सावकाश खाली येतानाही स्नायूला काम पडतं. आठ वेळा करा, दोन मिनिटं बसा, परत आठ, परत बसा, परत आठ. किती जड असावं ते असं ओळखायचं की शेवटच्या दोन वेळा चेहरा थोडा वाकडा व्हायला हवा पण अजून दोन-तीन जमले असते असं वाटायला हवं. सगळे आठ गप्पा मारत झाले तर ते हलकं आहे. मग पिशवी धरा, दोन किलो तांदूळ, छातीशी कवटाळून. पुढे वाढवत जा. आणि आठ जमतच नाहीत तर आईसारख्या घड्या.

दुसरं भिंतीवरचे जोर, भिंतीपासून हातभर मागे उभं राहून. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेवर हात टेकून, म्हणजे अंग जास्त तिरकं होतं आणि वजन वाढतं. तिसरं, ओढायचं काहीतरी, कारण आपण सगळे पुढे वाकून मोबाईल बघतो आणि पाठ कोणी वापरत नाही. एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने पाण्याची भरलेली बाटली खालून कमरेपर्यंत ओढायची, कोपर मागे. एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, तुमच्यासाठी ती पहिल्या आठवड्यातच हलकी पडेल, मग कापडी पिशवीत दोन-तीन बाटल्या घाला. घरात जुना वरवंटा असेल तर तो उत्तमच, माझ्याकडे येणाऱ्या एक आजी तोच वापरतात, फक्त पायावर पाडू नका. चौथं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पोटऱ्यांसाठी, बारा-पंधरा वेळा, पुढे एका पायावर. पाचवं तुमच्या जिन्याची तळाची शेवटची पायरी, कठड्याला नुसतं बोट लावून एकच पायरी वर-खाली, आधी उजवा पाय दहादा मग डावा. कठडा ओढायचा नाही, ओढलात तर हात काम करतो आणि पाय फुकट जातो. शेवटी तोल, ओट्यापाशीच एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून दोरीवर उभं राहिल्यासारखं तीस सेकंद, मग पाय बदलून.

श्वास रोखायचा नाही, तुम्हाला बीपी आहे. जोर लावताना दम कोंडून धरला की बीपी एकदम वर उडतं, म्हणून आकडे मोठ्याने मोजा, मोजताना श्वास आपोआप सुटतो. शेजारच्यांना कळू दे काय चाललंय ते. ज्या दिवशी बीपी १८० किंवा खालचं ११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा. नुकतं डोळ्याचं ऑपरेशन किंवा हर्निया असेल तर आधी विचारून. शुगरची गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी करू नका, शुगर उतरते. आणि मी इथे बसून तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा सांगा की असं असं करतोय. त्याच वेळी व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का ते बघा, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही बोला, तिच्याने काही जणांचे स्नायू दुखतात. वजन आपोआप उतरायला लागलं किंवा एकाच बाजूची ताकद गेली असं वाटलं तर मात्र हा कॉलम बाजूला ठेवून आधी दवाखाना.

शुगरवाल्यांसाठी एक लालूच पण आहे ह्यात. जेवल्यावर रक्तात येणारी साखर उचलून साठवणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. गोदाम लहान झालं तर माल रस्त्यावरच पडून राहणार.

गुडघ्यांचं. "जिने कमी चढा" हा सल्ला मी पण पूर्वी देत होते, कबूल करते. दुखणं भडकलेलं असेल तर चार दिवस ठीक आहे. पण झीज झालेल्या गुडघ्याला कोण सांभाळतं? मांडीचा पुढचा स्नायू. तो झिजला की सगळा धक्का सांध्यावर, मग अजून दुखतं, मग अजून कमी हलायचं, असं ते चक्र. आज गुडघेदुखीच्या उपचारात मांडीची ताकद वाढवणं हे वरच्या नंबरला आहे, गोळ्यांच्या आधी. तेव्हा थोडं दुखलं तर घाबरू नका, दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. नाही उतरलं तर खुर्ची उंच करा, पायरी सोडा, पण बंद करू नका. मांडीत दोन दिवस अंग आंबल्यासारखं दुखेल, ते वेगळं, ते कामाचं दुखणं, पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांनाच होतं.

प्राणायाम करा खुशाल, मन शांत राहतं, पण कपालभातीने मांडी भरत नाही. योगातच रस असेल तर उत्कटासन, वीरभद्रासन अशी उभी आसनं ताकदीच्या हिशोबात धरता येतात. काकूंना हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलेलं असेल तर पुढे वाकायची पश्चिमोत्तानासनासारखी आसनं त्यांनी टाळावीत, मणका दबायची भीती असते.

आता जिम. या वयात म्हणजे काय हो? १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या केंद्रात मारिया फियातारोन नावाच्या डॉक्टरांनी दहा जणांना पायाने वजन उचलायला लावलं, वय ८६ ते ९६. तुमच्या आईवडिलांच्या वयाचे म्हणा ना. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, आणि उगाच दोन-अडीच किलोचं लुटुपुटुचं वजन नाही, त्यांना जास्तीत जास्त जेवढं उचलता येत होतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलं. एकाने मध्येच सोडलं, उरलेल्या नऊ जणांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे आधीच्या पावणेतीन पट. मांडीतलं मांस मात्र ९ टक्केच वाढलं. ही तफावत लक्षात ठेवा, कारण पहिल्या महिन्यात आरशात काही दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल काही होत नाहीये. सुरुवातीची ताकद येते ती मेंदू आणि नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून, मांस भरायला दोन-तीन महिने जातात. कॅलेंडरवरचे सेकंद मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच उतरायला लागतील.

तर जिम लावायला काहीच हरकत नाही, उलट तिथलं बसून पायाने ढकलायचं लेग प्रेसचं मशीन तुमच्यासारख्यांना बैठकांपेक्षा सुरक्षित पडतं, तोल जायची भीती नाही आणि वजन अडीच-अडीच किलोने वाढवता येतं, जे तांदळाच्या पिशवीने पुढे पुढे जमत नाही. दुपारी अकरा ते चारमध्ये जा, रिकामं असतं आणि गाणीही हळू लावलेली असतात. ट्रेनर पोरगेला असेल तर त्याला पहिल्याच दिवशी वय, शुगर, गुडघे सांगा, आणि तो जर "काका तुम्ही फक्त सायकल मारा" म्हणाला तर दुसरा ट्रेनर बघा. आधी घरी दोन महिने करा, मग ठरवा.

डबा आणा आता कपाटातून. ह्याच फियातारोनबाईंनी १९९४ मध्ये शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, सरासरी वय ८७. काहींना वजनाचा व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीहून वाढली आणि नुसतं पेय पिणाऱ्यांना काडीचा फरक नाही. म्हणजे विटा आणून टाकल्या पण गवंडीच नाही. पण गवंडी आला आणि विटाच नाहीत असंही व्हायला नको, आणि तुमच्याकडे मला विटांची पण शंका आहे. तुम्ही लिहिलं नाहीत पण मी अंदाज करते, सकाळी चहा-बिस्किट, पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ आमटी, ताक, रात्री मुगाची खिचडी. हे सगळं मिळून ४० ग्रॅम प्रोटीनच्या आसपास जातं. साध्या माणसाला आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, आणि वय वाढल्यावर शरीर प्रोटीन तेवढ्या तत्परतेने वापरत नाही म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, तुमचं होतं ६६ ते ७९.

ही तूट ताटातूनच निघते बरीचशी. अंडी चालत असतील तर नाश्त्याला दोन, १२ ग्रॅम झाले. आमटी पातळ करू नका, घट्ट वरण करा किंवा मटकीची उसळ. रात्री खिचडीऐवजी पिठलं, आपण त्याला गरिबाचं जेवण म्हणतो पण मूठभर बेसनात आठ-नऊ ग्रॅम निघतात, सोबत वाटीभर दही. संध्याकाळी बिस्किटाच्या जागी फुटाणे किंवा शेंगदाणे, दात चांगले असतील तर. पनीर ५० ग्रॅम म्हणजे नऊ. सोयाबीनच्या वड्या मूठभर भिजवून भाजीत टाकल्या तर तेराएक. मासे खात असाल तर मग काय, बांगडा आहेच. हे सगळं रात्रीच्या जेवणात कोंबायचं नाही, तिन्ही वेळेला वाटून. एवढं करून कमी पडलं तर पोराच्या डब्यातला एक चमचा (घरचा चहाचा नव्हे, डब्यासोबत येतो तो मोठा मापाचा) दुधात, त्यात २०-२५ ग्रॅम असतात, डब्यावर बघा, साखर किती तेही बघा. पण शुगर आहे म्हणून आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, किडनी कमजोर असेल तर प्रोटीनचा हिशोब वेगळा होतो.

अजून एक, हे घरच्यांना वाचायला द्या. बाजारातून येताना पुतण्या हातातली पिशवी काढून घेत असेल तर घेऊ देऊ नका. "बाबा तुम्ही बसा, मी आणते" याने फार माणसं खुर्चीत गेलेली बघितलीयेत मी, माझ्या आईला आम्हीच घातलं होतं. प्रेमाने करतात सगळे, पण गहू दळून आणणं, सिलेंडर सरकवणं, बादली उचलणं ही तुमची वजनं आहेत. पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून उचला, एवढंच.

आणि पाटावरून उठणं वेगळं शिकून घ्या, ती युक्ती पण आहे. मांडी घातलेल्या अवस्थेतून सरळ वर यायचा प्रयत्न करू नका. आधी एका कुशीवर वळा, मग दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर, घोडा करतो तसं, मग एक पाऊल पुढे रोवा, शेजारी स्टूल ठेवलं असेल तर त्यावर हात, आणि पुढच्या पायावर जोर देऊन उभे. गुडघ्याखाली घडी घातलेली सतरंजी. पहिल्या वेळी पुतण्याला जवळ उभा करा पण हात लावू देऊ नका. आठवड्यातून दोनदा सराव. कधी घरात एकटे असताना पडलात तर हेच उपयोगी पडणार आहे, पाट नाही.

बुटांचं राहिलंच. चालायचे जे आहेत ते चालतील, तळवा घसरत नाही आणि टाच दबलेली नाही एवढं बघा. घरातला व्यायाम कोरड्या फरशीवर अनवाणी किंवा बूट घालूनच, सपाता घालून नाही आणि पायमोज्यांवर तर अजिबात नाही. शुगर आहे, तेव्हा अनवाणी केलंत तर नंतर तळवे एकदा बघून घ्या, दिसत नसेल तर काकूंना बघायला सांगा. नवीन बुटांचे पैसे वाचले त्यात जिन्याच्या तळाशी एक चांगला बल्ब लावा, ती शेवटची पायरी आता तुम्हाला रोज लागणार आहे.